सेंट पॅट्रिकच्या दिवशी काय वाजतं?

मार्च महिना उजाडला की हिरव्या टोप्या, हिरवे झेंडे आणि तीन पानांच्या शॅमरॉकची चित्रं जगभर दिसू लागतात. १७ तारखेला डब्लिनमध्ये मिरवणूक निघते, न्यूयॉर्कमध्ये निघते, शिकागोत तर त्या सुमारास नदीचं पाणीसुद्धा हिरवं रंगवतात. सोबत संगीत असतंच. ते ऐकून नवखा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: आयरिश संगीत म्हणायचं तरी कशाला? कोपऱ्यातल्या पबमध्ये चार माणसं गोल बसून फिडल आणि बासरी वाजवतात त्याला, की त्याच संध्याकाळी डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये भलामोठा वाद्यवृंद वाजवतो त्याला? आणि कार्यक्रमपत्रिकेत मधूनच बेथोवनचं नाव येतं, ते कसं काय?

उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण ते शोधण्याची वाट फार रंजक आहे. वाटेत आपण मुख्यतः दोन चाली सोबत घेऊ. एकीचं नावच ‘सेंट पॅट्रिक्स डे’ आहे, दुसरी आहे ‘लंडनडेरी एअर’.

१. आधी सण

पॅट्रिक हा पाचव्या शतकातला माणूस. जन्म रोमन अमलाखालच्या ब्रिटनमधला. साधारण सोळाव्या वर्षी लुटारूंनी त्याला पकडून आयर्लंडला नेलं आणि गुलाम केलं. सहा वर्षं त्यानं गुरं-मेंढरं राखली, मग पळ काढला, आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच बेटावर परत आला. ही हकिगत त्यानं स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवली आहे. १७ मार्च ही परंपरेनं त्याची पुण्यतिथी. पुण्यातल्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचं नाव याच संतावरून आलं.

आयर्लंडमध्ये हा दिवस मुळात चर्चमधल्या प्रार्थनेचा. १९०३ साली त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी सुरू झाली. पुढे स्वतंत्र आयर्लंडमध्ये काही दशकं तर त्या दिवशी पब बंद ठेवावे लागत. मिरवणुका आणि जल्लोष वाढला तो समुद्रापलीकडे. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासून चालत आलेली आहे. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि आणखी तितकीच देश सोडून गेली. या परागंदा लोकांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी १७ मार्चला आजचं रूप दिलं. डब्लिनचा अनेक दिवस चालणारा मोठा महोत्सव १९९६ मध्ये सुरू झाला, म्हणजे तसा अलीकडचाच. या दिवशी वाजणाऱ्या संगीतात घरच्या आठवणीचा सूर इतका गडद का असतो, हे या इतिहासावरून कळतं.

२. चालीचा सांगाडा

आता संगीताकडे वळू. आयरिश नृत्यसंगीताच्या चाली कानाला सारख्याच वाटतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. सांगाडा एकदा समजला की ही तक्रार राहत नाही.

‘जिग’ हा प्रकार घ्या. त्यात सहा जलद मात्रांचा एक गट असतो आणि तो तीन-तीन असा मोडतो. वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर येतं. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ही विभागणी ओळखीची आहे, फक्त इथे गती बरीच जास्त असते. सहा मात्रांच्या एका गटाला ‘बार’ म्हणतात. आठ बारचा चालीचा एक भाग होतो. पहिला भाग दोनदा वाजतो, दुसराही दोनदा वाजतो. म्हणजे आठ चोक बत्तीस बारमध्ये चाल एकदा पूर्ण होते.

एक छोटा हिशेब करू. प्रत्येक बारमध्ये वजनाचे दोन ठोके पडतात, म्हणजे ३२ बारमध्ये ६४ ठोके. नाचाला साजेशा, मिनिटाला ११२ ठोक्यांच्या गतीनं वाजवलं तर एक फेरी ३४ सेकंदांत संपते. वादक सहसा अशा दोन किंवा तीन फेऱ्या करतात आणि न थांबता दुसऱ्या चालीवर उडी घेतात. दोन-तीन चालींची अशी माळ म्हणजे एक ‘सेट’. नवख्या श्रोत्याला ते पाच मिनिटांचं एकच वादन वाटतं. जाणकार मात्र चाल बदलते त्या क्षणाची वाट बघत असतो, आणि तो आला की तोंडून दाद जाते. ‘रील’मध्ये मात्रा चारच्या हिशेबानं चालतात, ‘स्लिप जिग’मध्ये नऊच्या. आठ-आठ बारचे भाग बहुतेक ठिकाणी कायम असतात, कारण नाचणाऱ्याच्या पावलांचं एक आवर्तन आठ बारमध्ये बसतं.

आणि इथे सणाच्या नावाची ती चाल गंमत करते. ‘सेंट पॅट्रिक्स डे’ ही जिगच्या ठेक्यातली जुनी चाल आहे. आज ती एकल नाचासाठी वाजते आणि आयरिश गार्ड्स या ब्रिटिश पलटणीचं ते संचलनाचं संगीतही आहे. तिचा पहिला भाग आठ बारचा, शिस्तीतला. दुसरा भाग मात्र चौदा बारचा. कान सोळा बारची तयारी करून बसलेला असतो आणि चाल दोन बार आधीच समेवर येऊन उभी राहते. नाचणाऱ्याची खरी परीक्षा या दुसऱ्या भागात असते. देशाच्या सर्वांत मोठ्या सणाची चाल अशी नेहमीच्या मापात न बसणारी असावी, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

३. एकच सूर, पण भरलेला

पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी एक बाब नीट लक्षात घ्यायला हवी. जुनं आयरिश संगीत एकसुरी आहे, म्हणजे एका वेळी एकच स्वरओळ पुढे जाते. आपल्या संगीतात असतं तसंच. अनेक स्वर एकत्र वाजवून साथ करायची, ज्याला हार्मनी म्हणतात, ती त्यात मुळात नव्हती.

आयरिश भाषेतलं पारंपरिक गायन ऐकलं की हे लगेच कळतं. कॉनेमारासारख्या पश्चिमेकडच्या भागात ते आजही जिवंत आहे. गाणारा एकटा, वाद्य नाही, ताल सैल, शब्दांच्या वजनाप्रमाणे लांबणारा. कार्ना गावाचा जो हीनी हा विसाव्या शतकातला या परंपरेतला थोर गायक. एकाच कडव्याची ओळ दुसऱ्यांदा आली की तो तिला वेगळी हरकत देई. कण आणि मुरकी यांच्याशी परिचय असलेल्या श्रोत्याला इथे काहीच परकं वाटणार नाही.

वाद्यांतही तेच. इलियन पाइप्स हे आयरिश पाइपवाद्य तोंडानं फुंकत नाहीत. कोपराखाली भाता दाबून त्यात हवा भरतात, त्यामुळे वादक बसून वाजवतो आणि आवाजही स्कॉटलंडच्या बॅगपाइपपेक्षा मवाळ असतो. चाल वाजते त्या नळीचा पल्ला दोन सप्तकांचा. सोबतच्या तीन नळ्या मात्र अखंड एकच स्वर धरून ठेवतात. तानपुऱ्याचं काम त्या करतात. २०१७ मध्ये युनेस्कोनं या वाद्याच्या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली, आणि २०१९ मध्ये आयरिश हार्पवादनाला.

आधाराचा एक स्थिर स्वर आणि त्यावर नटलेली एकटी चाल, असं हे संगीत. ते कागदावर उतरवायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते आता पाहू.

४. बेलफास्ट, जुलै १७९२

आयर्लंडमध्ये हार्प हे राजेरजवाड्यांच्या आश्रयाचं वाद्य होतं. गेलिक सरदारांची सत्ता सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोडली आणि हार्पवादक गावोगाव हिंडू लागले. त्यांत सर्वांत नामवंत टर्लो ओ’कॅरोलन (१६७० ते १७३८). अठराव्या वर्षी देवी येऊन त्याची दृष्टी गेली. ज्या घराच्या आश्रयाला त्याचं कुटुंब होतं, त्या घरच्या मालकिणीनं त्याची हार्प शिकायची सोय केली, आणि शिक्षण संपल्यावर एक घोडा आणि वाटाड्या सोबत देऊन मार्गी लावलं. पुढची सगळी हयात तो घरोघरी जाऊन यजमानांच्या नावानं चाली बांधत राहिला. दोनशेहून अधिक चाली आज त्याच्या नावावर आहेत. डब्लिनमध्ये त्या काळी इटालियन संगीताचं वारं होतं. ओ’कॅरोलनला कोरेल्लीचं संगीत फार प्रिय होतं आणि त्याच्या काही चालींत ते स्पष्ट ऐकू येतं. लोकसंगीत आणि शास्त्रोक्त संगीत यांची भेट बेथोवनच्या कितीतरी आधी, एका अंध वादकाच्या बोटांवर झाली होती.

त्याच्यानंतर ही परंपरा झपाट्यानं आटली. ती साफ विझण्याआधी काहीतरी करावं म्हणून बेलफास्टमधल्या काही नागरिकांनी १७९२ च्या जुलैमध्ये देशभरचे हार्पवादक बोलावले. आले फक्त दहा. सर्वांत लहान पंधरा वर्षांचा, सर्वांत थोरला डेनिस हेम्पसन, वय ९७ सांगितलं गेलं. त्यांतले बरेच अंध होते. हेम्पसन तांब्या-पितळेच्या जातीच्या तारा जुन्या पद्धतीनं, वाढवलेल्या नखांनी छेडत असे. असं वाजवणारा त्या मेळाव्यात तो एकटाच उरला होता.

या वादकांच्या चाली लिहून घ्यायचं काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे आलं. त्याला सूचना होती की ऐकशील ते जसंच्या तसं उतरव, पदरचा एकही स्वर घालू नकोस.

ही सूचना पाळणं किती अवघड आहे, याचा अंदाज जात्यावरच्या ओवीवरून येईल. पहाटे दळायला बसलेली बाई जात्याच्या फेऱ्यावर ओवी गाते. कुठे ओळ लांबते, कुठे श्वासाला थांबते, आणि तीच ओवी उद्या थोडी वेगळी निघते. तिच्यासमोर पेटी घेऊन बसलेल्या माणसाला यातली नेमकी कुठली ओवी कागदावर लिहायची? तो एक रूप निवडतो आणि ते कायमचं होतं. बंटिंगचंही तेच झालं. शिवाय त्याचं शिक्षण युरोपीय पद्धतीचं आणि पुस्तकाचे गिऱ्हाईक घरात पियानो असलेले. त्यामुळे १७९६ मध्ये त्याचा पहिला संग्रह निघाला तो पियानोसाठी, डाव्या हाताला खर्जाची साथ जोडून. पदरचा स्वर घालू नको म्हटलं होतं, आणि प्रत्येक पानावर पदरचे स्वर होते.

म्हणून बंटिंगला दोष देणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. आयुष्यभर तो या कामाला चिकटून राहिला. १८०९ आणि १८४० मध्ये त्यानं आणखी दोन संग्रह काढले. त्याच्या कच्च्या वह्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत आणि आजचे हार्पवादक त्या वह्यांवरून जुनं वादन पुन्हा उभं करतात. तो मुलगा तिथे बसला नसता तर त्या दहा जणांच्या हातातल्या कितीतरी चाली त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

त्याच्या संग्रहांतून चाली उचलून डब्लिनच्या थॉमस मूरनं त्यांवर इंग्रजी गीतं रचली. ‘आयरिश मेलडीज’ या नावानं ती १८०८ ते १८३४ मध्ये दहा भागांत निघाली. लंडनच्या दिवाणखान्यांत ती तुफान गाजली. उन्हाळ्यातल्या शेवटच्या गुलाबावरचं त्याचं गाणं तर इतकं पसरलं की मेंडेल्सझोननं त्यावर पियानोची फँटसी लिहिली आणि फ्लोटो या जर्मन संगीतकारानं ते ‘मार्था’ या ऑपेरात घातलं. मूरनं शब्दांसाठी चाली वाकवल्या, असं बंटिंगचं म्हणणं होतं आणि ते खरंही आहे. तरी आयर्लंडबाहेरच्या जगाला या चाली कळल्या त्या मूरमुळे.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाल ऐकून कागदावर उतरवण्याच्या या विद्येचं भारतावरही एक ऋण आहे. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेल्या मार्गारेट कझिन्स यांनी १९१९ मध्ये मदनपल्लीला रवींद्रनाथांच्या उपस्थितीत ‘जन गण मन’ची स्वरलिपी तयार केली.

५. साथ द्यायची म्हणजे काय

आता हार्मनी. सा, ग आणि प एकदम वाजवा. कानाला घरी पोचल्यासारखं वाटतं. मग प, नी आणि वरचा रे एकदम वाजवा. आता कान अस्वस्थ होतो, त्याला पुन्हा सा-ग-पकडे जायचं असतं. ही ओढ मुख्यतः शुद्ध नीमुळे तयार होते, कारण तो वरच्या सापासून अगदी अर्ध्या स्वरावर उभा असतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातलं युरोपीय संगीत या ओढीवर उभं आहे.

अडचण अशी की पुष्कळ आयरिश चालींत शुद्ध नी नसतोच. खमाज थाटासारखा कोमल नी असतो, किंवा काफीसारखे ग आणि नी दोन्ही कोमल. समजा चाल सा, कोमल नी, ध, प अशी उतरते आहे. संयोजकानं साथीला शुद्ध नी असलेला स्वरगुच्छ दिला तर दोन नी एकमेकांवर आदळतात. मग त्याच्यापुढे दोन वाटा उरतात. चालीतला नी शुद्ध करून टाकायचा, म्हणजे साथ गुळगुळीत होते आणि चालीचा रंग जातो. किंवा चालीला हात न लावता कोमल नी सामावणारी वेगळी साथ शोधायची.

एकोणिसाव्या शतकातल्या अनेक संयोजकांनी पहिली वाट धरली. दुसरी वाट चोखाळणाऱ्यांत बेलफास्टचे हर्बर्ट ह्यूज येतात. १९०९ पासून त्यांनी ‘आयरिश कंट्री साँग्ज’चे खंड काढले. जत्रेतून चालत गेलेल्या प्रेयसीचं ‘शी मूव्ह्ड थ्रू द फेअर’ हे प्रसिद्ध गीत त्यातलंच, शब्द पॅड्रिक कोलम यांचे. त्यातला कोमल नी ह्यूजनी तसाच राहू दिला. त्या गाण्याची हुरहूर पुष्कळशी त्या एका स्वरात आहे.

माझ्या मते संगीत संयोजन पारखायची खरी कसोटी हीच. वाद्यं किती आणि सभागृह केवढं, हे गौण. संयोजकाचा चालीवर विश्वास आहे का, ते बघायचं.

६. बेथोवनकडे टपालानं आलेल्या चाली

एडिंबरोमध्ये जॉर्ज थॉमसन नावाचे एक गृहस्थ होते. एका सरकारी मंडळात नोकरी, आणि छंद लोकगीतांचा. स्कॉटिश, वेल्श आणि आयरिश चाली गोळा करायच्या, त्यांना युरोपातल्या सर्वश्रेष्ठ संगीतकारांकडून साथ लिहून घ्यायची आणि छापायच्या, असा त्यांचा ध्यास. हायडननं त्यांच्यासाठी काम केलं होतं. मग ते बेथोवनकडे वळले.

१८०९ पासून सुमारे दहा वर्षं बेथोवननं हे काम केलं. एकूण १७९ लोकगीतांना त्यानं साथ लिहिली, त्यांत आयरिश चाली पन्नासाच्या वर. पंचवीस आयरिश गीतांचा पहिला खंड १८१४ मध्ये निघाला. गायकासोबत पियानो, व्हायोलिन आणि चेलो. नेपोलियनची युद्धं चालू असल्यानं पाकिटं पोचायला महिनोन् महिने लागत आणि थॉमसन वेगवेगळ्या मार्गांनी प्रती धाडत. पण खरी विचित्र गोष्ट पुढे आहे. बेथोवनकडे चाली बहुधा शब्दांशिवाय यायच्या. गाणं विरहाचं की मौजेचं, हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं वारंवार शब्द मागितले. थॉमसन मात्र शब्द नंतर कवींकडून लिहून घेत.

दुसरा वाद अवघडपणाचा. इथल्या तरुणींना इतका कठीण पियानो वाजवता येत नाही, सोपा करून द्या, असं थॉमसननी लिहिलं. आपली रचना दुरुस्त करत बसायची आपल्याला सवय नाही, असं बेथोवननं कळवलं आणि काही गाण्यांना दुरुस्तीऐवजी नवीच साथ लिहून पाठवली. संग्रह फारसा खपला नाही.

आपली सणाची चालही या टपालात होती. ‘सेंट पॅट्रिक्स डे’वर बेथोवननं साथ लिहिली. तिला नंतर अलेक्झांडर बॉसवेल या स्कॉटिश माणसानं शब्द दिले आणि ‘द पल्स ऑफ अ‍ॅन आयरिशमन’ या नावानं ती छापली गेली. आयर्लंड न पाहिलेला, ऐकू येणं झपाट्यानं कमी होत चाललेला माणूस व्हिएन्नात बसून सहा मात्रांच्या त्या उड्या कागदावर ओळखतो आणि त्यांना नेमकं उसळतं ठेवतो, हे ऐकताना आजही थक्क व्हायला होतं. देवाणघेवाण उलटीही झाली. त्याच्या सातव्या सिंफनीच्या बेभान अखेरच्या भागाची मुख्य सुरावट आणि ‘सेव्ह मी फ्रॉम द ग्रेव्ह अँड वाइज’ या आयरिश गीताला त्यानंच जोडलेला वाद्यांचा तुकडा, यांचं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे.

७. लिमावाडीची चाल

आता दुसरी चाल. उत्तर आयर्लंडमधल्या लिमावाडी गावी जेन रॉस या बाईंनी ती ऐकून लिहून घेतली आणि डब्लिनचे अभ्यासक जॉर्ज पेट्री यांना दिली. पेट्रींनी ती १८५५ मध्ये छापली, नावाशिवाय. दुष्काळानंतरचा तो काळ. गाणारी गावंच ओस पडली होती, आणि पेट्री हे काम कोणत्या कळवळ्यानं करत होते याची कल्पना त्यावरून यावी. पुढे चालीला परगण्याचं नाव मिळालं: लंडनडेरी एअर.

या चालीचा पल्ला सुमारे दीड सप्तकाचा आहे. सुरुवात मधल्या-खालच्या स्वरांत, आणि दुसऱ्या अर्ध्यात ती चढत चढत शिखर गाठते. ती मूळची नक्की कुठली, कुणी बांधली, यावर वाद चालूच आहे.

डब्लिनमध्ये जन्मलेले चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड लंडनमध्ये होल्स्ट आणि व्हॉन विल्यम्स या संगीतकारांचे गुरू होते. पेट्रींच्या १,५८२ चालींचा संग्रह त्यांनी १९०२ ते १९०५ मध्ये संपादित केला, आणि लंडनडेरी एअर आपल्या पहिल्या ‘आयरिश रॅप्सडी’त पूर्ण वाद्यवृंदासाठी गुंफली. १७ मार्चला अनेक चर्चमध्ये गायलं जाणारं ‘सेंट पॅट्रिक्स ब्रेस्टप्लेट’ हे स्तोत्रही पेट्रींच्या संग्रहातल्या चालीवर स्टॅनफर्डनीच बसवलं. चर्चमधला सण आणि शेतावरची चाल अशी एका जागी आली.

ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पर्सी ग्रेंजरनं १९११ मध्ये तिचा पियानोसाठी विस्तार केला. त्यात चाल वरच्या स्वरांत चमकत नाही, ती मधल्या स्वरांत, साथीच्या आत ठेवलेली असते आणि कानाला ती शोधावी लागते. या चालीच्या सगळ्या संयोजनांत मला हे सर्वांत थोर वाटतं. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाचं ‘डॅनी बॉय’ याच चालीवर छापलं गेलं. शब्द त्यानं आधीच लिहून ठेवले होते. अमेरिकेतल्या भावजयीकडून ही चाल आली आणि दोन्ही जुळलं.

म्हणजे जगात सर्वांत आयरिश समजलं जाणारं गाणं असं तयार झालं: चाल लिहिली लिमावाडीच्या बाईंनी, छापली डब्लिनच्या माणसानं, ती फिरून आली अमेरिकेहून, शब्द दिले इंग्रजानं. निरोपाचं हे गाणं परदेशी गेलेल्या आयरिश माणसांनी आपलं मानलं, आणि तो शिक्का मला पुरेसा वाटतो.

८. परत आयर्लंडला

अमेरिकेत १७ मार्चच्या कार्यक्रमांसाठी लेरॉय अँडरसन यांचा ‘आयरिश सूट’ (१९४७) फार वाजतो. बॉस्टनच्या आयरिश मंडळीसाठी लिहिलेला, हसरा, चपळ. पण खरी उलथापालथ कॉर्कच्या शॉन ओ रियाडा यांनी केली. १९५९ मध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावर जुन्या चित्रफितींमधून ‘मिशा एरा’ हा माहितीपट निघाला. त्याचं संगीत त्यांचं. ‘रोशीन दुव्ह’ ही जुनी चाल त्यांनी हॉर्नवर मोकळी सोडली आणि चित्रपटगृहांत बसलेल्या माणसांना आपल्या घरातली चाल केवढी उंच उभी राहू शकते ते पहिल्यांदा कळलं.

इतकं यश मिळाल्यावर ओ रियाडा याच वाटेनं पुढे गेले असते तर नवल नव्हतं. ते उलट दिशेनं वळले. मोठा वाद्यवृंद बाजूला ठेवून त्यांनी पाइप्स, फिडल, बासरी, बोवरान हा हातडफ अशी मोजकी पारंपरिक वाद्यं घेऊन ‘कोलतोरी कूलान’ हा मेळ उभा केला. सगळ्यांनी सतत एकदम वाजवायचं नाही, आळीपाळीनं पुढे यायचं, एकानं चाल सांगायची आणि दुसऱ्यानं तिला उत्तर द्यायचं. स्वतः ते हार्पसिकॉर्ड वाजवत, कारण तारेच्या जुन्या हार्पचा नाद त्यांना त्यात सापडला. याच मेळातल्या पॅडी मोलोनी यांनी ‘द चीफटन्स’ काढलं आणि ते जगभर गेलं. ओ रियाडा १९७१ मध्ये, अवघ्या चाळिशीत वारले.

त्यानंतर शॉन डेव्ही यांचं ‘द ब्रेंडन व्हॉयेज’ (१९८०) आलं. चामड्याच्या होडीतून अटलांटिक ओलांडणाऱ्या एका खऱ्या सफरीवर ते बेतलेलं आहे. लिअम ओ’फ्लिन यांचे पाइप्स म्हणजे होडी, वाद्यवृंद म्हणजे समुद्र. इथे पाइप्सना वाद्यवृंदाच्या चालीनं चालायला लावलेलं नाही. समुद्रच त्यांच्याभोवती हलतो.

९. ऐकायचं कसं

तर पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पबमधलं आयरिश आहे आणि सभागृहातलंही आहे. मात्र सभागृहातलं तेव्हाच आयरिश राहतं, जेव्हा संयोजकानं चालीचा नी, तिची उसळी आणि तिचं चौदा बारचं वाकडेपण जपलेलं असतं.

येत्या १७ मार्चला तासभर काढा. आधी ‘सेंट पॅट्रिक्स डे’ एकट्या फिडलवर ऐका आणि दुसऱ्या भागाचे बार बोटांवर मोजा. मग हीच चाल बेथोवनच्या साथीनं ऐका. त्यानंतर जो हीनींचं कुठलंही एक गाणं, काहीही न करता, शांत बसून. पुढे लंडनडेरी एअर एखाद्या बासरीवर, लगेच ग्रेंजरचा पियानो, आणि चाल आतून कुठून येते ते शोधा. शेवटी ‘द ब्रेंडन व्हॉयेज’. हा क्रम उलटा करू नका. एकटी चाल आधी कानात बसू द्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक संयोजकानं तिचं काय केलं ते तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.